कॅनबेरा आणि आतल्या खोलीचं दार

आप्पा, गेल्या आठवड्यात सुतार येऊन गेला. आईनं त्याला आतल्या खोलीचं दार परत बसवायला बोलावलं होतं. तुम्ही ते काढलंत तेव्हा मी पाचवीत होते, आता मी पाचवीला शिकवते. मधल्या सगळ्या वर्षांत त्या चौकटीत पडदाच होता. मी आणि सुतारानं मिळून दार उचललं, चौकटीशी नेलं, बिजागऱ्यांच्या जुन्या खाचांना लावून पाहिलं. खाली बसलं, वर बसेना. त्यानं पुन्हा लावून पाहिलं, ओळंबा सोडला, मागे सरून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ताई, दार एकदम सरळ हाय. चौकट गेलीय. बिल्डिंग बसली ना तुमची." मग दाराच्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली. "एवढा तुकडा काढायचा. बोला, कापू?" मी त्याला काय उत्तर दिलं ते सांगतेच. पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही असताना ते जमलं नाही, कारण तुमच्या तोंडात कायम बारीक खिळे असायचे आणि तुम्ही फक्त "हं" म्हणायचात.

आपण वाशीला आलो ते माझ्या शिक्षणासाठी, असं तुम्ही चाळीत प्रत्येक दारी सांगितलं होतं. "पोरीला अभ्यासाला वेगळी खोली मिळेल, मोकळी हवा मिळेल." शेजारच्या काकू म्हणाल्या, "भावजी, खाडीपलीकडे कोल्हे ओरडतात म्हणे." तुम्ही हसून म्हणालात, "ओरडूदेत की. ते काय परीक्षेला बसणारेत?" चाळ हसली, आणि मी, दहा वर्षांची, तुमच्याकडे बघून छाती फुगवून उभी होते, कारण त्या सगळ्या चाळीत मुलीसाठी घर बदलणारे तुम्ही एकटे होतात. इकडे आलो तेव्हा इमारतीच्या आजूबाजूला चिखल आणि गवत होतं, भाजीवाला एक दिवसाआड यायचा, आणि तुमची कंपनी, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची, बसनं अगदी जवळ होती. कंपनीची सुट्टी शुक्रवारी. पहिल्याच शुक्रवारी मी शाळेतून येते, तर तुम्ही आतल्या खोलीच्या दारावरून तळहात फिरवत उभे आहात. ज्या मायेनं लोक गाईच्या पाठीवरून हात फिरवतात, तसा. "बघ," तुम्ही मला म्हणालात, "कुठं म्हणजे कुठं पोक नाही." आणि पेचकस घेतलात. आई ओट्यापाशी होती. "अहो, दार कशाला काढताय?" "पंख जुळवायला सपाट फळी हवी. एवढी मोठी फळी विकत मिळत नाही." "आणि पोरगी?" "पोरीला काय झालंय? पडदा लाव. पंख झाले की बसवतो परत."

तेव्हा मला कळलं की वेगळी खोली कोणासाठी घेतली होती. चाळीतल्या खोलीत तुमची विमानं हातभर असायची. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, पतंगाचा कागद, आणि आमच्या अंथरुणावर टांगलेली सगळी लढाऊ. प्रवासी विमान तुम्ही कधी केलं नाहीत. त्यात माणसं बसतात म्हणून असेल. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, गावाजवळच्या माळावर एक लढाऊ विमान बिघडून उतरलं होतं आणि तुम्ही त्याच्या पंखाला हात लावला होता, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की माझ्या स्वतःच्या बालपणापेक्षा तो माळ मला जास्त आठवतो. त्या एका स्पर्शावर तुम्ही जन्म काढलात. विमानात बसला नाहीत कधी, बसायची इच्छाही दाखवली नाहीत. वाशीच्या घरात मात्र तुम्ही मोठं करायला घेतलंत: कॅनबेरा, बॉम्ब टाकणारं, दोन इंजिनांचं, खऱ्यातल्या एका फुटाला दीड इंच या मापानं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ते आपल्या बाहेरच्या खोलीएवढं होणार होतं. आणि ते उडणार नव्हतं. त्यात इंजिन नव्हतं, घालायचंही नव्हतं. मी विचारलं होतं, "मग करायचं कशाला?" तुम्ही खिळे ओठांतून काढून म्हणालात, "असावं म्हणून." एवढ्या वर्षांत मला याहून पोकळ उत्तर कोणत्याही विद्यार्थ्यानं दिलेलं नाही.

दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं पडलं आणि बाहेरची खोली संपली. त्यावर विमानाचा मोठा आराखडा, आराखड्यावर पंखाच्या फासळ्या, आणि प्रत्येक फासळीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बारीक खिळे, थेट दारात ठोकलेले. खोक्यांच्या लाकडाच्या पट्ट्या वाकवायला तुम्हाला वाफ लागायची, म्हणून शुक्रवारचा भात तुमच्या वेळेनं शिजायचा. आई झाकण बाजूला सारून उभी, तुम्ही पातेल्यावर पट्टी धरून उभे, खिडकीची काच धुरकट. "अहो, भाताचा गाळ झाला," आई म्हणायची. "अजून थोडं. आता वळतंय." आम्ही गाळ खायचो. आई वरण जास्त वाढायची आणि काही बोलायची नाही. आईच्या न बोलण्याला तुम्ही कौतुक समजत होतात, हे मला आज आठवलं तरी चीड येते. तिनं एकदाच तोंड उघडलं, तुम्ही तिचं जुनं व्हॉइलचं पातळ पंखाला ताणून बसवत होतात तेव्हा. "मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "फाटलेलंच होतं की," तुम्ही म्हणालात. "फाटलेलं मी नेसत होते."

कंपनीतले तुमचे साहेब एकदा खास विमान बघायला आले. आईनं पोहे केले. बशा ठेवायला जागा नव्हती म्हणून त्या मी हातात धरून उभी राहिले. साहेब वाकून, चष्मा वर-खाली करून बघत होते. "वा, वा. आणि हे बॉम्ब कुठून पडतात?" तुम्ही याच प्रश्नाची वाट बघत होतात. विमानाच्या पोटाखालचा दोरा ओढलात आणि पोटाला असलेली दोन लांब दारं अलगद उघडली. आत सागवानाचे बॉम्ब ओळीनं झोपलेले. दोरा सोडला की दारं मिटायची, इतकी घट्ट की फटीत केस जाणार नाही. साहेबांनी ती चार वेळा उघडायला लावली. मी विचारलं, "पण ते खाली कोणावर पडतात?" साहेब हसले. "मुलगी हुशार आहे हो." तुम्ही हसला नाहीत. साहेब गेल्यावर मला म्हणालात, "पाहुण्यांसमोर शहाणपणा करायचा नाही. बनवणाऱ्याचं काम नीट बनवायचं. कुठं पडतंय ते बघणारे वेगळे असतात." आप्पा, मी पुढे इतिहास शिकले, आता शिकवते. हे वाक्य मला पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटलं, वेगवेगळ्या देशांतल्या सभ्य, कष्टाळू, कामात चोख माणसांच्या तोंडी. त्यांच्या हातून जे झालं ते तुमच्या हातून झालं नाही, कारण तुमचं विमान लाकडाचं होतं. तेवढाच फरक. आणि त्या दिवशी पडद्याआड कपडे बदलताना माझ्या मनात आलं ते तर अजूनच साधं होतं: बॉम्बना दार आहे. मला नाही.

तुम्ही मला आयुष्यात एकच वस्तू स्वतः होऊन दिलीत. मी आठवीत गेले तेव्हा, कागदात गुंडाळून. मी उघडलं, आत सागवानाचा एक बॉम्ब, घासून पॉलिश केलेला, मागे छोटे पत्र्याचे पंख. "कागद उडू नयेत म्हणून," तुम्ही म्हणालात, "वजन म्हणून ठेव." माझ्याकडे कागद ठेवायला टेबल नव्हतं. मी तो खाडीपुलावर नेऊन खाली पाण्यात टाकला आणि घरी येऊन तसं सांगितलं. तुम्ही कानस खाली ठेवलीत. मग विचारलंत, "टोक खाली करून पडला का आडवा?"

आता माझ्या निबंधाचं. त्या घराची जमीन पहिल्यापासून खिडकीच्या बाजूला उतरती होती, आणि दर पावसाळ्यात इमारत थोडी अजून बसायची. भरावावरची जमीन, सगळ्यांच्याच घरात भिंतींना तडे होते. लोक त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडत होते. तुम्हाला तड्यांचं काही नव्हतं. तुम्हाला फक्त दार सपाट हवं होतं, नाहीतर पंख पिळतो. म्हणून दर शुक्रवारी पहिलं काम हे: दाराच्या मधोमध काचेची गोटी ठेवायची. ती ज्या बाजूला घरंगळेल तिकडच्या घोडीच्या पायाखाली कागदाची घडी. बसची तिकिटं, कॅलेंडरची पानं, काहीही. आंतरशालेय स्पर्धेत माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, विषय 'जगातली शस्त्रं वितळवली तर'. बाईंनी तो सुवाच्य अक्षरात जाड कागदावर पुन्हा लिहून आणायला सांगितला होता, शाळेच्या फलकावर लावायला. शुक्रवारी घरी आले तर निबंध नाही.

"आप्पा, माझा निबंध कुठाय?"

"कुठला?"

"टेबलावर ठेवलेला."

"ते टेबल नाही."

"बरं, दारावर ठेवलेला."

"पायाखाली बघ. खिडकीकडच्या."

मी वाकून बघितलं. आठ घड्या घालून, घोडीच्या पायाखाली, कडा अगदी जुळवून.

"त्याला बक्षीस मिळालंय."

"कागद चांगला आहे," तुम्ही म्हणालात. "दबत नाही." मी हात घातला तर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "हात लावायचा नाही. सरस ओला आहे. आत्ता काढलास तर अख्खा पंख पिळेल." आई आतून म्हणाली, "राहू दे गं, वाळलं की काढ." पण एक फासळी वाळली की पुढची होती. बाईंना मी सांगितलं, पावसात भिजला. दुसरा लिहिला नाही. शस्त्रं वितळवायचा माझा सगळा विचार एका बॉम्बफेकी विमानाच्या डाव्या पंखाला आधार देत उभा होता, आणि तुम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

दहावीला मी तुमच्याकडे दार मागितलं. खरंच मागितलं, हात जोडायचेच बाकी होते. पडद्यातून सगळं यायचं: तुमची कानस, आईचा स्टोव्ह, खालच्या वहिनी पीठ मागायला आल्या की त्यांच्या गप्पा, आणि त्या पडदा सारून बघायच्या, "अजून वाचतेयच का? डोळे जातील हो, मग कोण करणार हिला." कोणी पाहुणा आला की मी पुस्तक घेऊन जिन्यात. घरात दहावी पास कोणी नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही, म्हणून मला वाटायचं, तुम्हाला सांगितलं की कळेल. "आप्पा, मला नापास व्हायचं नाहीये. मला दार लावून बसायला हवं." तुम्ही खिळे काढून हातात घेतलेत, म्हणजे गंभीरपणे ऐकत होतात. मग पंखाकडे बघून म्हणालात, "अर्धा राहिलाय गं. आता उचलला तर सगळं गेलं. तुझी परीक्षा दरवर्षी असते." मी म्हणाले, "दहावीची नसते." तुम्ही म्हणालात, "हं." हे आपलं शेवटचं मोठं बोलणं. त्या हिवाळ्यात तुम्ही तुर्भ्याला कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी गेलात. तेराव्याला तुमच्या कामावरचे लोक आले, त्यातले एकजण माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाले, "तुमच्याबद्दल फार बोलायचे हो." मग थोडं थांबून, माणूस प्रामाणिक असावा, म्हणाले, "म्हणजे, विमानाबद्दल."

विमानाचं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पुढच्या गणपतीत सोसायटीची मुलं आली. "काकू, विमान द्या ना बाप्पाला. फायटिंगचा एकदम कडक सीन करतो." आई बिचारी हो म्हणाली, तिला वाटलं तुमचं नाव होईल. डावा पंख अर्धाच होता, उरलेला त्यांनी थर्माकोलचा लावला. वरून लाल चट्टेपट्टे मारले आणि पुढच्या काचेवर उंदीरमामाला वैमानिक करून बसवलं. सायरन वाजायचा, पोटाची दारं उघडायची, बॉम्बऐवजी झेंडूची फुलं पडायची, लोक नमस्कार करायचे. दीड इंचाला फूट, फटीत केस जाणार नाही, त्याचं हे झालं. विसर्जनानंतर विमान पंपाच्या खोलीमागे पडलं आणि परतीच्या पावसात भिजून फुगलं. मला वाईट वाटलं नाही. झेंडूच्या फुलांचं तर बरंच वाटलं. त्या विमानातून पडलेली ती एकमेव चांगली गोष्ट.

दार मात्र तुमच्यामागे घोड्यांवरच राहिलं होतं, आणि त्या गणपतीच्या कितीतरी आधी, मार्चमध्ये, परीक्षा अंगावर आलेली. मी तुमची पकड घेतली, एकेक खिळा उपटला, अर्धा पंख कोपऱ्यात उभा केला आणि पुस्तकं मांडली. पहिल्याच दिवशी निबंध पायाखालून ओढून काढला. पेन्सिल घरंगळून खिडकीखाली गेली. परत ठेवली, परत गेली. अभ्यासाचे दिवस थोडे होते, म्हणून निबंध होता तिथे परत घातला. दहावी त्या दारावर झाली, बारावी, आणि बीए. कडीच्या भोकात शाईची दौत नीट बसते. सगळीकडे खिळ्यांची भोकं आहेत, पंखाच्या आकारात. पातळ कागद असला की निब आत जातं. माझ्या बीएच्या वह्यांत अजून ते ठिपके दिसतात. पदवीचा कागद आणला तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला, मग दारावर पसरून बघितला, आणि खालच्या वहिनी म्हणाल्या, "आप्पा असते तर." आप्पा असते, वहिनी, तर मी जिन्यात बसून नापास झाले असते. हे मी त्यांना म्हटलं नाही. तुम्हाला म्हणते.

तर सुतार. "बोला ताई, कापू?" तो विचारत होता. मी म्हणाले, "नको. चौकट जशी आहे तशा मापाचं नवीन कर." तो म्हणाला, "नवीन वाकडं करू आन् हे चांगलं सरळ दार घोड्यावर ठेवणार?" "हो." आई माझ्याकडे बघत राहिली. "अगदी बापावर गेलीस," ती म्हणाली, आणि ते तिनं कौतुकानं म्हटलेलं नव्हतं. आज दुपारी नवीन दार लागलं. ते वाकडं आहे आणि लागतं. तुमचं सरळ आहे आणि या घरात ते कुठंच बसत नाही. तुमच्याबद्दल मला म्हणायचं होतं ते सगळं यातच आलं, मी उगीच एवढी पानं लिहिली. या घरात माझ्यामागे आज पहिल्यांदा दार बंद झालं आहे. बाहेर आई स्टोव्ह पेटवते आहे, मला नीट ऐकूही येत नाही.

हे पत्र इथेच संपलं होतं. मी ते घडी घालून फाडणार होते. पण हे टेबल, आता तरी टेबल म्हणू द्या, बाहेरून आत हलवल्यापासून डगमगतंय; आतल्या खोलीची जमीन आणखी उतरती निघाली. निबंध पुरत नाही. म्हणून ही पानं आठ घड्या घालून निबंधाखाली सारून पाहिली आणि तुमची गोटी मधोमध ठेवली. ती माझ्या पेन्सिलींच्या डब्यात असते. गोटी थोडी थांबली, मग सावकाश खिडकीकडे गेली. एका पानाची कसर होती. टेबलाला इतकं सपाट असायची काही गरज नसते, हे मी कोणालाही पटवून देईन. हे शेवटचं पान मी फक्त जाडीसाठी लिहिलं आहे.